आठला उठणारा इव्हान

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला आमचे बाबा रशियन व्हायचे. एरवी ते वसंत, मूळचे मालवणकडचे, राहणार दहिसरला नदीजवळच्या चाळीत, आधी गिरणीत साच्यावर कापड विणणारे आणि संपानंतर घरी. रंगाने गोरे, डोळे घारे, मान खांद्यात बसलेली. एवढ्या भांडवलावर पारकरशेठनी त्यांना इव्हान केलं होतं. रविवारचं जेवण झालं की ते डोकं तुळतुळीत करून घेत. आई पिशवीत लाल सॅटिनचा झगा घडी करून ठेवी, वर केसाळ टोपी. मैदानाच्या फाटकातून आत गेल्यावर त्यांनी तोंडातून मराठी शब्द काढायचा नाही आणि आम्ही त्यांना ओळख दाखवायची नाही, हे धंद्याचे दोन नियम होते. पहिला नियम बाबा खरंच लागलं की मोडायचे. एकदा घाटकोपरला जोरात आपटल्यावर ते 'आये गे, मेलंय' म्हणाले आणि पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून म्हणाला, "अरे, ह्यो तर आमच्याकडचो दिसता." रेफ्रीने त्याला शांतपणे सांगितलं की आजोबा बसा, रशियन भाषा ऐकायला अशीच लागते.

फ्रीस्टाइल कुस्त्यांचे असे खेळ तेव्हा उपनगरांतल्या मैदानांवर व्हायचे. मध्ये दोरांची रिंग, भोवती लोखंडी खुर्च्या, खुर्च्यांमागे बाकडी. पारकरशेठ खेळाचे मालक. अकरा पहिलवान त्यांच्या पदरी होते आणि कोण जिंकणार हे शनिवारीच ठरलेलं असे. लोक त्याला नुरा कुस्ती म्हणत, तरी यायचे. इव्हानचं काम हरण्याचं. त्याने आधी समोरच्या देशी पहिलवानाला दोरांवर दाबून लबाडी करायची, लोकांच्या शिव्या खायच्या, मग मार खाऊन आडवं व्हायचं. रेफ्री गुडघ्यावर बसून हात आपटत आकडे मोजायचा आणि सगळं मैदान त्याच्याबरोबर मोजायचं. दहाला कुस्ती संपली. पण इव्हान आठला उठायचा, नेहमी आठलाच. लोक हळहळायचे, शेंगांची टरफलं फेकायचे, आणि मग दुसऱ्या खेपेला तो पडायचा तो चीत व्हायला. त्या आठवर बाबांची बारा वर्षं निघाली. आधी गिरणी सांभाळून, नंतर फक्त तेवढंच.

मी दहा वर्षांची असताना बाबांना विचारलं होतं की सगळं ठरलेलं असतं तर तुम्ही कण्हता कशाला. ते म्हणाले, "पडणं ठरलेलं असतं, बाय. लागणं ठरलेलं नसतं." मला हे एकदम पटलं. त्यानंतर मी वही सुरू केली. याद्या करायची सवय मला तेव्हापासून आहे आणि आजही माझ्या फ्रिजवर चार याद्या लावलेल्या असतात. घरचे हसतात, पण गॅस कधी संपला हे विचारायला माझ्याकडेच येतात. त्या वहीत जिंकणाऱ्यांची नावं मी लिहीतच नसे, कारण ती ठरलेली होती. न ठरलेलं तेवढं लिहायचं, असा माझा नियम होता. कोण कुठल्या अंगावर पडला, लोक किती ओरडले, आणि पडलेल्या माणसाला उठायला किती सेकंद लागले. आईचं मनगटी घड्याळ मी रविवारी बांधून जायची. त्याला सेकंदकाटा होता.

घरात रविवारच्या खुणा बुधवारपर्यंत राहायच्या. निलगिरीच्या तेलाचा वास, स्टोव्हवर तापणारी वीट आणि ती फडक्यात गुंडाळून आई बाबांच्या मानेला देत असलेला शेक. बाबा जमिनीवर पालथे, आणि आई शेकता शेकता चाळीतल्या बातम्या सांगायची. बुधवारी संध्याकाळी गजाकाका यायचे. हेच ते रेफ्री. गिरणीत बाबांच्याच खात्यातले, त्यांच्याच गावाकडचे, अंगाने काडी, आवाज मात्र भोंग्यासारखा. ते दारातूनच विचारायचे, "काय रे रशिया, आज तुमच्या देशात काय शिजता?" आई आतून म्हणायची, कुळथाची पिठी आणि सुकट, हात धुवा. मग ते दोघं भिंतीला टेकून जेवायचे. पिठी भुरकताना होणाऱ्या आवाजावरून गजाकाका बाबांना टोमणे मारायचे आणि बाबा त्यांच्या बो टायवरून. सॅटिनच्या उरलेल्या कापडातून तो आईनेच शिवला होता. जेवणानंतर गजाकाका बाबांची मान दोन्ही हातांत धरून हळूहळू फिरवायचे. मी कोपऱ्यात अभ्यासाला बसलेली असायची. हे सगळं मी पाहत होते, पण वहीत लिहिण्यासारखं मला त्यात काही दिसलं नाही.

पारकरशेठचे खेळ दोनदा टीव्हीवर दाखवले गेले होते. पहिल्या वेळी आमच्या चाळीत एकच टीव्ही होता आणि त्या खोलीच्या खिडकीत, दारात, माळ्यावर माणसं होती. इव्हानला शिव्या देणाऱ्यांत बाबांच्या शेजारी बसलेले लोकही होते. बाबा स्वतः त्यांच्यात बसून इव्हानला एक शिवी हासडून आले. दुसरा खेळ तीन वर्षांनी आला. तोवर चाळीत सहा टीव्ही झाले होते, आणि खेळ अर्धा झाला नाही तोच लोक उठून गेले. दरम्यान व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांत परदेशी कुस्त्या आल्या होत्या. त्यांतले लोक दोरांवरून उड्या मारायचे, त्यांच्यापुढे रंगीत दिवे, त्यांना गाणी लावलेली. आपल्याकडचे म्हणजे पोती टाकतात नुसती, असं चाळीतली पोरं बाबांच्या तोंडावर म्हणायची. बाबा म्हणायचे, तुम्ही पोतं होऊन बघा एकदा. टीव्हीवाल्यांनी पारकरशेठना कळवलं होतं की तिसरा खेळ हवा असेल तर तो चटपटीत करा. खुर्च्याही रिकाम्या राहू लागल्या होत्या. माणसं कमी करायची बोलणी पहिलवानांत चालू झाली आणि बाबा रविवारी जेवेनासे झाले.

अशात एका शनिवारी पारकरशेठनी मला अंधेरीला बोलावून घेतलं. माझी वही सगळ्यांना माहीत होती. ते मला मुनीम म्हणायचे. बाबांनीच मला त्यांच्या दारापर्यंत सोडलं. शेठ हुशार मुलगी म्हणून बोलवतायत याचा त्यांना अभिमान होता, आणि आपली मुलगी तिथे गेल्याने आपली जागा थोडी पक्की होईल असंही त्यांना वाटलं असावं. मला तर ते नक्कीच वाटलं होतं. मी नवी वही घेतली, दोन पेन्सिली टोकदार केल्या आणि घड्याळाला सकाळी चावी दिली. शेठच्या घरी व्हिडिओ होता आणि दोन्ही खेळांच्या कॅसेट होत्या. शेठ तसे वाईट नव्हते. स्वतः पूर्वी पहिलवान, एक कान चुरगळलेला, बोलणं तुटक. मला खुर्चीत बसवून म्हणाले की पहिल्या खेळाला लोक खिळून बसले आणि दुसऱ्याला उठून गेले. मी डोळे फोडून बघतोय, मला फरक कळत नाही. कुस्त्या त्याच, माणसं तीच. तू बघ आणि लिही.

शेठच्या बायकोने सरबत आणि बिस्किटं आणून ठेवली. मी तीन तासांत एकही बिस्कीट खाल्लं नाही. पहिला खेळ पाहिला, दुसरा पाहिला, मग प्रत्येक कुस्ती जोडीने लावून पाहिली. चार पानं भरली. दुसऱ्या खेळात दोघं जण दमून दोराला लटकत होते, ते लिहिलं. एकाचं पोट सुटलं होतं, तेही लिहिलं. आणि मग मला एक गोष्ट सापडली. दुसऱ्या खेळात गजाकाका सगळ्यांचे आकडे सेकंदाला एक असे बरोबर मोजत होते, फक्त इव्हानच्या वेळी हळू मोजत होते. पहिल्या खेळात इव्हान आठला उठला तेव्हा माझ्या घड्याळात आठ सेकंद झाले होते. दुसऱ्यात आठला उठला तेव्हा सतरा. रविवारी मैदानावर मी इव्हानचे सेकंद कधी धरलेच नव्हते, कारण त्याचं आठ ठरलेलं होतं. लोकांना ते कळणं शक्य नव्हतं, कारण लोक गजाकाकांच्या हाताबरोबर मोजत होते. पण कळलं नाही तरी कंटाळा येतोच. नऊ सेकंद फुकट जात होते. मला वाटलं, हीच ती चूक. काकांचं लक्ष नाही. त्यांना सांगितलं की ते नीट मोजतील आणि बाबांची कुस्ती पहिल्यासारखी होईल. मी त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या.

शेठनी पानं वाचली. त्या ओळीवर थांबले आणि हे सतरा कसे, म्हणून विचारलं. मी कॅसेट मागे नेली आणि घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. त्यांना पहिल्यांदा पटेना, म्हणून पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा ते स्वतःहून म्हणाले, लाव परत. तिसऱ्या वेळी ते घड्याळ बघत नव्हते, पडद्याकडेच बघत होते. बाबा एक हात खाली टेकून, मान न वळवता, सगळं अंग एका बाजूने गोळा करत उठत होते.

"वशाची मान दुखते काय गं?" त्यांनी विचारलं.

शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की मी जशी उत्तर द्यायची तशी मी उभी राहिले. म्हटलं, हो, आई रोज शेक देते, डावा हात कधी कधी बधिर होतो, आणि बुधवारी गजाकाका मान फिरवून देतात.

शेठनी व्हिडिओ बंद केला. म्हणाले, "मुनीम, काम झकास केलंस." ते पान त्यांनी वहीतून फाडून घेतलं नाही, हे मला अजून आठवतं. समोर बसून आपल्या हाताने उतरवून घेतलं. मग माझ्या हातात सगळी बिस्किटं कागदात बांधून दिली आणि खाली बाबांपर्यंत सोडायला स्वतः आले. बाबांच्या पाठीवर हात ठेवला. बाबांनी परत येताना मला तीनदा विचारलं, खूश होते ना शेठ. मी तिन्ही वेळा हो म्हटलं.

मंगळवारी गोरेगावच्या शेडमध्ये, जिथे त्यांचा सराव चाले, शेठनी सगळ्यांना बसवून नावं सांगितली. चार पहिलवान कमी केले होते. दमलेले दोघं, पोटवाला आणि इव्हान. आणि रेफ्री. बाकीच्या तिघांना त्यांनी वय झालं एवढंच सांगितलं. बाबांना आणि गजाकाकांना मात्र कागद वाचून दाखवला. एका रविवारी तुझी मान माझ्या रिंगमध्ये मोडली तर मी तुझ्या बायकोला काय तोंड दाखवू, असं ते बाबांना म्हणाले. गजाकाकांना म्हणाले की तू मला फसवलंस. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

बाबा घरी आले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. त्यांनी सगळं उभ्यानेच सांगितलं, मग माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, वही काढ. मी काढली.

"माझे कितके लिहिलंस?"

"सतरा."

"आणि पयल्या खेळात?"

"आठ."

त्यांनी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. "सतरा म्हंजे लय झाले," एवढंच म्हणाले. "माका वाटला, बारा-तेरा असतील."

आईने परातीतला हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही. ती म्हणाली की ही वही मी स्टोव्हवर धरीन. बाबांनी तिला थांबवलं. वहीत खोटं काही नाही, म्हणाले. तेव्हा मला कळायला लागलं. आईला माहीत होतं. गजाकाकांच्या बायकोला माहीत होतं. इव्हानला मारणाऱ्या पहिलवानांना माहीत होतं आणि तेही त्याला जपून टाकत होते. दोन वर्षं सगळे मिळून त्या आठ आकड्यांत बाबांना उठायला वेळ काढून देत होते. मला तेवढं सांगितलं नव्हतं, कारण मी लिहून ठेवते.

पुढे नोकरीत मलाही अशा याद्या करायला सांगितल्या गेल्या. कोण उशिरा येतं, कोणाचं काम हळू झालंय. मी त्या केल्या आणि बरोबर केल्या, कारण चुकीची यादी करणं मला जमत नाही. पण देण्याआधी त्या माणसाच्या टेबलाशी जाऊन बसायचं आणि तो हळू का झाला ते विचारायचं, एवढी शिस्त मी स्वतःला लावून घेतली. कधी कधी त्यामुळे यादी बदलली. बहुतेक वेळा नाही.

त्या बुधवारी गजाकाका आले नाहीत. आईने पिठी केली होती, ती आम्ही तिघांनी खाल्ली. गुरुवारी मी शाळेतून परस्पर त्यांच्या घरी गेले. ते खाटेवर बसून गावी न्यायची भांडी पोत्यात भरत होते. मी दारातच उभी राहिले. तेच म्हणाले, "तुझा काय चुकला नाय, बाय. तू बरोबर मोजलंस. मीच हळू मोजलंय." मग त्यांनी काकूंना माझ्या हातावर काहीतरी ठेवायला सांगितलं. काकू आत होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत.

खलनायक कमी करायचा तर धंद्यात एक रीत होती. आवडत्या पहिलवानाला हार घालून निरोप देत. खलनायकाला शेवटच्या कुस्तीत दहा आकडे मोजून बाद करायचं आणि स्ट्रेचरवरून बाहेर न्यायचं, म्हणजे पुढच्या रविवारी तो कुठे गेला असं कोणी विचारत नाही. रेफ्रीला दोन्ही नाही. रेफ्री बदलला तर लोकांच्या लक्षातही येत नाही. बाबांची शेवटची कुस्ती मुलुंडच्या मैदानावर ठरली, आणि बाबांनी शेठना एकच मागितलं की मोजायला गजाच असू दे. शेठ हो म्हणाले.

आई आली नाही. मी गेले. वही नेली नाही, घड्याळही घरी ठेवलं. पहिल्या रांगेतली खुर्ची होती, ऊन उतरतीला लागलेलं, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बाबा लाल झगा घालून आले आणि लोकांनी सवयीने शिव्या दिल्या. कुस्ती जपूनच झाली. समोरचा तरुण पहिलवान बाबांना उचलताना त्यांच्या मानेखाली हात धरतोय, हे आता मला दिसत होतं. मग त्याने बाबांना टाकलं. गजाकाका गुडघ्यावर बसले आणि मोजू लागले. मैदान मोजू लागलं. बाबा उताणे, डोळे मिटलेले, अंग सैल, सगळं ठरल्याप्रमाणे. गजाकाका त्या दिवशी सरळ मोजत होते, सेकंदाला एक, ते घड्याळाशिवायही कळत होतं. सहा. सात.

आठला बाबांचा हात हलला. तळवा जमिनीवर टेकला, कोपर वळलं आणि त्यांचा खांदा वर आला. बारा वर्षं ते आठला उठत आले होते. मला वाटत नाही की त्यांनी ते ठरवून केलं. लोकांनाही ते अनपेक्षित होतं, कारण यावेळी टरफलं आली नाहीत. मागच्या बाकड्यांवरून कोणीतरी ओरडलं, "ऊठ रे इव्हान." मग दुसरा. मग बरेच जण. ज्याला एवढी वर्षं शिव्या घातल्या त्याला लोक उठवायला लागले होते, आणि बाबा उठत होते. मान तशीच ताठ, अंग एका बाजूने गोळा होत होतं. मला खुर्चीतून उठून ओरडावंसं वाटलं, पण ओळख दाखवायची नाही हा नियम होता.

गजाकाकांचा हात नऊवर वर गेला आणि तिथेच राहिला. ते बाबांच्या कानाशी वाकले. लोकांना वाटलं असेल, रेफ्री शुद्ध तपासतोय. मी अगदी जवळ होते.

"पड रे वशा," ते म्हणाले. "गप पडान रव."

बाबांनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. मग हात सोडला आणि हळूच, डोकं आपटणार नाही अशा बेताने, पाठीवर गेले. गजाकाकांनी नऊ म्हटलं. दहा म्हटलं. दोघांनी स्ट्रेचर आणलं, बाबांना त्यावर घेतलं आणि माझ्या खुर्चीसमोरून पुढे नेलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. इव्हानसाठी टाळ्या मी त्यापूर्वी कधी ऐकल्या नव्हत्या. बाबांनी डोळे उघडले नाहीत, कारण कामात तसंच ठरलेलं होतं. त्यांना त्या ऐकू आल्या का, हे मी नंतर तेवीस वर्षं एका घरात राहूनही विचारलं नाही.